शर्यतीच्या इंजिनाचा दांडा

मोटारीच्या इंजिनाची शक्ति वाढवावयाची असें एकदां ठरलें म्हणजे विचार सुरू होतो तो बहुधा वरच्या भागांचा. हवा आणि पेट्रोल अधिक कसें घेतां येईल, झडपा किती उघडाव्या, जळलेला धूर लवकर बाहेर कसा काढावा, ह्याच गोष्टींवर पैसा आणि उत्साह खर्च होतो. कारण शक्ति तेथेंच निर्माण होते. परंतु ती शक्ति खालच्या फिरत्या आंसापर्यंत पोंचविणारा जो साधा पोलादी दांडा, त्याची आठवण पुष्कळांना तो मोडल्यावरच होते. आणि तो मोडला म्हणजे नुसता मोडून राहत नाहीं. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या यंत्रांत सुटलेलें त्याचें टोंक ओतीव लोखंडाच्या भिंतीला भोंक पाडून बाहेर येतें, गरम तेल तापलेल्या नळ्यांवर आणि रस्त्यावर सांडतें, आणि महिनोन्महिने खपून जुळविलेलें इंजिन एका क्षणांत भंगार होतें. मागून येणाऱ्या मोटारीचीं चाकें त्याच तेलावरून घसरतात, हें संकट आणखी निराळें.

ह्या दांड्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. त्याचें काम समजून घेण्यास यंत्रशाळेंत जावयास नको. पायानें चालविण्याचें शिवणयंत्र पुरेसें आहे. पायाखालची जाळी झुलते आणि बाजूचें मोठें चाक गोल फिरतें. ह्या दोहोंस जोडणारी जी सळई, ती ह्याच दांड्याची धाकटी बहीण. इंजिनांत जाळीच्या जागीं दट्ट्या, म्हणजे पिस्टन, असतो. तो नळकांड्यांत खालींवर धांवतो आणि त्याच्याखालीं क्रँक नांवाचा वांकडा आंस फिरतो. दांड्याचें लहान कडें दट्ट्याच्या पिनेवर आणि मोठें कडें क्रँकच्या खुंटीवर बसविलेलें असतें. मोठें कडें अखंड असेल तर तें क्रँकवर चढणारच नाहीं. म्हणून त्याचे दोन अर्ध करतात, खालच्या अर्धास टोपी म्हणतात, आणि ती दोन बोल्टांनीं आवळून टाकतात. हे दोन बोल्ट ध्यानांत ठेवावे.

सर्वच इंजिनांविषयीं एका दमांत बोलण्यांत अर्थ नाहीं. म्हणून एकच घ्यावें. अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं आठ नळकांड्यांचें एक आटोपशीर इंजिन बाजारांत आणलें, आणि १९६७ सालीं त्याचीच ३५० घनइंची, म्हणजे सुमारें ५.७ लिटरची, आवृत्ति निघाली. इंजिनें मुबलक, सुटे भाग स्वस्त आणि रचना सरळ. त्यामुळें अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं घरच्या मोटारखान्यांत हें इंजिन जितकें खोललें, दुरुस्त केलें आणि शर्यतीस लावलें तितकें दुसरें क्वचितच असेल. त्या घराण्यांतील दहा कोटींवें इंजिन २०११ सालीं तयार झालें. ३५० च्या नळकांड्याचा व्यास ४ इंच, दट्ट्याची धांव ३.४८ इंच, आणि दांड्याच्या दोन्ही कड्यांच्या मध्यांतील अंतर ५.७ इंच. कंपनीचा मूळ दांडा घडीव पोलादाचा आहे आणि रोजच्या वापरास तो चांगला आहे. मालकाला त्याहून अधिक हवें असतें, तेव्हां प्रश्न उभा राहतो.

बहुतेकांची समजूत अशी कीं दांडा मोडतो तो स्फोटाच्या तडाख्यानें. म्हणून घोड्यांची शक्ति जितकी अधिक तितका दांडा जाड हवा. ही समजूत साहजिक असली तरी अर्धीच खरी आहे. नळकांड्यांत दर चौरस इंचास १,००० पौंडांचा दाब झाला असें धरलें तर ४ इंच व्यासाच्या दट्ट्यावर सुमारें साडेबारा हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५,७०० किलोंचा, भार पडतो. भार मोठा खरा. पण तो दांड्याला दाबतो, आणि दाब सोसण्यांत पोलाद मोठें चिवट असतें. शिवाय त्याच क्षणीं दट्ट्याचें स्वतःचें वजन वर झेपावूं पाहत असतें. त्यामुळें ह्या भारांतला कांहीं भाग परस्पर वजा होतो.

आतां दुसरी बाजू. ह्या इंजिनांतला दट्ट्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेळीं साडेतीन इंचांच्या जागेंत ताशीं शंभर किलोमीटरचा वेग गांठतो आणि लगेच थांबतो. असें सेकंदाला दोनशें वेळां. वर जातांना त्याला थांबविणारें आणि उलट खालीं खेंचणारें दांड्यावांचून कोणीच नसतें. दट्ट्या, पिन आणि दांड्याचा वरचा भाग मिळून एक किलो वजन धरलें तर माथ्यावरच्या त्या क्षणीं दांड्याला सुमारें २,३०० किलोंची ओढ बसते. फेरे ७,००० केले कीं तीच ओढ ३,१०० किलोंवर जाते, आणि ८,००० केले कीं ४,१०० किलोंवर. वेग एकतृतीयांशानेंच वाढला, पण ओढ पावणेदोन पटींहून अधिक झाली. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. शक्ति दुप्पट करूनहि जो दांडा वर्षानुवर्षें टिकेल, तोच फेरे दीडपट केल्यास एका दुपारींत तुटूं शकेल.

ही ओढ कमी असूनहि अधिक घातक कां, हें जुन्या तारेवरून कळतें. तार एकदां वांकवली तर तुटत नाहीं. तीच पुन्हां पुन्हां वांकवली कीं बोटांच्या बळानेंहि तुटते. धातु थकतो. जर्मनींत ऑगस्ट व्होलर ह्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आंसांवर दीर्घ प्रयोग करून हा थकवा मोजला. त्यांतून दिसलें तें असें कीं, ठराविक मर्यादेच्या आंतील ताण पोलाद लाखों वेळां सोसतें. ती मर्यादा ओलांडली कीं मोडण्याचा दिवस निश्चित, फक्त तारीख अज्ञात. दाबानें सूक्ष्म चीर मिटते, ओढीनें ती उघडते. जळलेला धूर बाहेर टाकून दट्ट्या माथ्यावर येतो तेव्हां वरून विरोध करणारा दाब नसतो आणि संपूर्ण ओढ दांड्यावरच पडते. ६,००० फेऱ्यांना हें मिनिटास तीन हजार वेळां, तासास एक लक्ष ऐशीं हजार वेळां घडतें. ओरखडा, गंजाचा डाग, घडाईच्या वेळीं राहिलेली धारदार कड, हीं सारीं चिरेचीं जन्मस्थानें. म्हणून चांगल्या दांड्याचा पृष्ठभाग बारीक पोलादी छऱ्यांच्या माऱ्यानें ठोकून घट्ट करतात, आणि जुना दांडा पुन्हां वापरावयाचा असल्यास चुंबकाच्या साहाय्यानें त्यांतल्या न दिसणाऱ्या चिरा शोधतात.

तेव्हां दांडा निवडतांना पहिला प्रश्न किती घोडे, हा नसून किती फेरे, हा असावा. आणि उत्तर प्रामाणिक असावें. रस्त्यावर चालणारी मोटार, क्वचित् एकादी हौशी शर्यत, फेरे साडेपांच हजारांच्या आसपास; एवढेंच असेल तर तपासलेले मूळ दांडे, नवे उत्तम बोल्ट आणि नीट गोल केलेलें मोठें कडें ह्यांवर काम भागतें. तथापि आज ह्या दुरुस्तीच्या मजुरींत आणखी थोडी भर घातली कीं नवे घडीव दांडे मिळतात, म्हणून जुन्यांचा फार लोभ धरूं नये. फेरे साडेसहा हजारांपुढें जाणार असतील तर निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम ह्यांचा अंश असलेलें ४३४० जातीचें पोलाद घ्यावें. शर्यतीच्या धंद्यांत हेंच रूढ आहे. मात्र पेटीवर ४३४० हा आंकडा छापला म्हणून आंतला दांडा चांगला असें ठरत नाहीं. पोलाद किती निर्मळ होतें, घडाई कशी झाली, तापवून थंड करण्याची क्रिया कोणी पाहिली, हें आंकडा सांगत नाहीं; तेथें बनविणाऱ्याची कीर्ति आणि कड्यांच्या मापांची अचूकता हाच पुरावा.

दांड्याच्या छेदाचा आकार इंग्रजी आय अक्षरासारखा असावा कीं एच अक्षरासारखा, ह्यावर कारखान्यांतून जितका वाद होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. खरें पाहतां अक्षर एकच आहे, त्याला पाव वळसा दिला आहे इतकेंच. मूळ कंपन्यांचे दांडे बहुधा पहिल्या प्रकारचे. दुसरा प्रकार गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत कॅलिफोर्नियांतल्या फ्रेड कॅरिलो ह्यांच्या दांड्यांनीं शर्यतींत प्रसिद्धीस आणला. दोन्ही प्रकारांनीं मोठमोठ्या शर्यती जिंकल्या आहेत. ज्या इंजिनांत हवा पंपानें कोंबली जाते, तेथें फेरे तेवढेच ठेवूनहि स्फोटाचा दाब फार वाढतो. तेथें मात्र दांड्याच्या मधल्या भागाची जाडी आणि न वांकण्याची शक्ति पाहणें अगत्याचें आहे. एरवीं निष्काळजीपणें केलेल्या एचपेक्षां काळजीनें केलेला आय केव्हांहि बरा.

लांबीचा वादहि असाच. ३५० मध्यें ५.७ इंचांऐवजी ६ इंचांचा दांडा घालण्याची पद्धत आहे. लांब दांडा कमी कलतो, दट्ट्याला नळकांड्याच्या भिंतीवर कमी रेटतो, असें त्याचें समर्थन. गणित करून पाहिलें तर जास्तींत जास्त कल १७.८ अंशांवरून १६.९ अंशांवर येतो. पुरता एक अंशहि वांचत नाहीं, आणि माथ्यावरची ओढ एक टक्क्यानें घटते. खरा लाभ निराळाच आहे. दांडा लांब झाला कीं वरच्या दट्ट्याला उंची कमी उरते, म्हणून दट्ट्या आंखूड आणि हलका करतां येतो; आणि वजन शेंकडा दहा उतरलें तर ओढहि तितकीच उतरते. अर्थात् हें फार ताणलें तर पिन इतकी वर सरकते कीं ती तेल पुसणाऱ्या कडीच्या खांचेंत शिरते.

हलकेपणाचा विचार निघाला कीं टिटॅनियम आणि अॅल्युमिनियम हीं नांवें येतात. टिटॅनियमचे दांडे होंडा कंपनीनें १९९० सालच्या एनएसएक्स मोटारींत घातले. विक्रीच्या मोटारींत हा पहिला प्रयोग. शेव्हरोलेनेंहि २००६ च्या कॉर्व्हेट झी ०६ मध्यें तेच वापरले, आणि त्यायोगें सात लिटरचें अवाढव्य इंजिन ७,००० फेऱ्यांपर्यंत नेलें. धातु उत्तम, पण महाग. शिवाय घांसला असतां तो दुसऱ्या धातूस चिकटूं पाहतो, म्हणून बाजूंवर खास लेप द्यावा लागतो. अॅल्युमिनियमचे दांडे मुख्यतः पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठीं. ते स्फोटाचा धक्का थोडा गिळतात आणि बेअरिंगांना जपतात; पण तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतात, म्हणून दट्ट्या आणि माथा ह्यांमध्यें अधिक जागा ठेवावी लागते. आणि व्होलरनें पाहिलेली निर्धास्त मर्यादा ह्या धातूला नाहीं. लहानसा ताणहि तो मनांत ठेवतो. म्हणून असे दांडे किती धांवा धांवले ह्याचा हिशेब ठेवतात आणि शाबूत दिसत असतांनाच ते काढून टाकतात. रोजच्या मोटारींत ते घालणें हा शुद्ध अविचार होय.

हें सगळें झालें तरी बोल्टांचा विचार राहतोच, आणि त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावयास हवा. दट्ट्या माथ्यावरून खालीं खेंचला जातो तेव्हां दांड्याचें मोठें कडें उघडूं पाहतें, आणि त्याला मिटून धरणारे तेवढे दोन बोल्ट. गाडीवर कडब्याचा भारा सैल बांधला तर प्रत्येक खड्ड्यागणिक दोराला हिसका बसतो आणि दोर झिजून तुटतो. करकचून आवळला तर भारा आणि दोर एकजीव होतात व हिसके दोराला फारसे जाणवत नाहींत. बोल्टाचेंहि तसेंच आहे. येणाऱ्या ओढीपेक्षां अधिक ताणानें तो आधींच आवळलेला असेल तर ओढ येते आणि जाते, बोल्टावरचा ताण मात्र जवळजवळ तोच राहतो. म्हणून तो थकत नाहीं. सैल बोल्ट कितीहि भारी पोलादाचा असला तरी थकून तुटतो. बोल्ट तुटला तो कमकुवत होता म्हणून, असें मालक म्हणतो. पुष्कळदां तो नुसता कमी आवळलेला असतो.

आवळण्याचें माप कसें घ्यावें, हा पुढचा प्रश्न. आंकडे दाखविणारा पाना सर्वांच्या परिचयाचा. पण त्याच्यावर लावलेल्या जोरापैकीं शेंकडा नव्वदाच्या आसपास जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणांतच खर्च होतो. आट्यांना इंजिनाचें तेल लावलें कीं दुसरें खास वंगण लावलें, एवढ्यानेंहि पान्याचा आंकडा तोच राहून बोल्टाचा खरा ताण बदलतो. म्हणून जाणते कारागीर बोल्टाची लांबीच मोजतात. पोलादी बोल्ट हा एक ताठ स्प्रिंग आहे. नीट आवळला असतां तो बहुधा इंचाच्या पांच-सहा सहस्रांशांनीं लांबतो, आणि ही वाढ मोजण्याचें साधें मापयंत्र मिळतें. बोल्ट बनविणाऱ्यानें दिलेला आंकडाच प्रमाण मानावा. बोल्टांतहि दर्जे आहेत. शर्यतीच्या साध्या ८७४० पोलादाचा बोल्ट दर चौरस इंचास १,८०,००० पौंडांहून अधिक ताण सोसतो. एआरपी २००० नांवाच्या जातीचा २,२०,००० पौंडांपर्यंत. फेरे वाढवावयाचे आणि पैसे मोजकेच असतील तर ते दांड्याच्या झगझगीत पृष्ठभागापेक्षां ह्या फरकावर खर्च करणें शहाणपणाचें.

जुन्या दांड्यांत नवे बोल्ट ठोकून बसविले कीं काम संपलें, असेंहि पुष्कळांना वाटतें. नवा बोल्ट टोपीला निराळ्या रीतीनें खेंचतो, त्यामुळें मोठें कडें गोल राहत नाहीं. तें पुन्हां घांसून गोल करावें लागतें. एका दांड्याची टोपी दुसऱ्याला लावणें तर सर्वस्वी वर्ज्य. १९९७ सालीं ३५० ची जागा घेणाऱ्या पुढच्या पिढीच्या इंजिनांत दांड्याची टोपी कापून काढीत नाहींत. अखंड कडें मुद्दाम तडकवून तिचे दोन भाग करतात. तडकलेल्या दोन्ही बाजू कांचेच्या तुकड्यांप्रमाणें एकमेकींतच बसतात. असे दांडे जुन्या रीतीनें टोपी घांसून दुरुस्त करतां येत नाहींत.

जागेचाहि विचार हवा. ३५० च्या सांगाड्यांत त्याच घराण्यांतल्या ४०० घनइंची इंजिनाचा ३.७५ इंच धांवेचा क्रँक बसवून ३८३ घनइंचांचें इंजिन करण्याची रीत फार लोकप्रिय आहे. पण तसें केलें असतां दांड्याचें मोठें कडें फिरतांना झडपा हलविणाऱ्या आंसाला आणि सांगाड्याच्या खालच्या कडेला घांसूं पाहतें. म्हणून येथें आरपार बोल्ट आणि नट ह्यांऐवजीं खालून पिळून बसणारे स्क्रू असलेला, खांद्यावर कमी उंच दांडा निवडतात. तरीहि जुळवणीच्या वेळीं क्रँक हातानें सावकाश फिरवून प्रत्येक जागीं अंतर पाहावें लागतें. हें काम कंटाळवाणें आहे, पण करणाऱ्यास फार थोडा वेळ लागतो आणि न करणाऱ्यास फार.

मोडलेला दांडा नेहमीं दोषी असतोच असें नाहीं. वळणावर तेल एका बाजूस गेलें, पंपानें हवा ओढली, बेअरिंग कोरडें पडून क्रँकला धरून बसलें, आणि मग दांडा मोडला. असा क्रम पुष्कळदां असतो, आणि अशा वेळीं मोठें कडें जळून निळें-काळें झालेलें दिसतें. तेथें अधिक भारी दांडा घालणें म्हणजे खोकल्याला टोपी बदलण्यासारखें आहे. दुसरें कारण गिअर चुकण्याचें. चौथ्याऐवजीं दुसरा पडला कीं चाकेंच इंजिनाला फिरवूं लागतात. मग ठिणगी बंद करून फेऱ्यांना आळा घालणारें यंत्र हात चोळीत बसतें, आणि सात हजारांसाठीं निवडलेला दांडा दोन क्षण दहा हजारांची ओढ सोसतो. असें एकदां घडलें तर, इंजिन सुरळीत चालत असलें तरी, तें खोलावें.

खोलल्यावर पाहावयाचें तें हेंच बोल्ट. म्हणून जुळवणीच्या दिवशींच आठ दांड्यांच्या सोळा बोल्टांची मोकळी लांबी वहींत लिहून ठेवतात. पुढें बोल्ट सैल केला असतां तो मूळ लांबीवर परत यावयास हवा. इंचाच्या एक सहस्रांशानेंहि लांब राहिला तर त्याचा स्प्रिंगपणा संपला असें समजून तो टाकून देतात. त्याच्या जागीं नवा घालतात, आणि त्याचीहि लांबी त्याच पानावर लिहितात.